अणुकेंद्रांचे संमीलन आणि वाटेतील अडसर

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत बेंगळूरू येथे दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



सुवर्णमहोत्सवानिमित्त योजलेल्या या व्याख्यानमालेत बोलण्याची संधी मला दिलीत, याबद्दल मी संयोजकांचा ऋणी आहे. माझ्या आधीच्या वक्त्यांनी संतवाङ्मय, नाट्यसंगीत, दक्षिणेतील मराठ्यांचा इतिहास असे आपल्या जिव्हाळ्याचे विषय मांडले. त्यांच्या पंक्तीत 'जड आयनांचे संमीलन' हे नाव वाचून काहींच्या कपाळावर आठ्या पडल्या असतील, तर त्यांना मी दोष देणार नाही. चिटणीसांनी मला दूरध्वनीवर विचारलेही, "साहेब, थोडा सोपा विषय नाही का घेता येणार?" मी त्यांना म्हणालो, विषय अवघड आहे, पण त्यातली गोष्ट सोपी आहे. दोन वस्तू एकमेकींच्या जवळ येऊ पाहतात. त्यांच्यामध्ये एक अडसर असतो. आणि तो पार झाला, तर दोहोंची मिळून एक तिसरीच वस्तू जन्माला येते. या अडसराच्या अगदी काठावर काय घडते, हे पाहण्यात माझ्या नोकरीची बहुतेक वर्षे गेली.

विषय निवडण्याचे आणखी एक कारण आहे. गेल्या दिवाळीत मंडळाच्या फराळाच्या वेळी एका सभासदांची कन्या माझ्याजवळ आली. ती पी. यू. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षात शिकते. तिने विचारले, "आजोबा, मला फिजिक्स करायचं आहे. घरचे म्हणतात, त्याचा उपयोग काय? तुम्ही जे केलंत, त्याचा काय उपयोग झाला?" तिच्या विचारण्यात उद्धटपणा मुळीच नव्हता, तिला खरोखरच उत्तर हवे होते. हातात चकली धरून मी काहीतरी पुटपुटलो, आणि ते उत्तर नव्हते हे आम्हां दोघांनाही कळले. आजचे व्याख्यान म्हणजे त्या मुलीला देऊ केलेले, थोडे उशिराचे, उत्तर आहे.

प्रारंभ आपल्याच गावापासून करू. भारतातील अणुकेंद्रीय संशोधनाची कथा मुंबईपासून सांगण्याची पद्धत आहे. वास्तविक तिची पहिली पाने बेंगळूरूत लिहिली गेली. डॉ. होमी भाभा १९३९ साली केंब्रिजहून सुटीसाठी भारतात आले असता दुसरे महायुद्ध पेटले आणि परतीचा मार्ग बंद झाला. सर चंद्रशेखर वेंकट रामन तेव्हा येथील भारतीय विज्ञान संस्थेत पदार्थविज्ञान विभागाचे प्रमुख होते. भाभा त्या विभागात रुजू झाले आणि विश्वकिरणांचे संशोधन करू लागले. १२ मार्च १९४४ रोजी त्यांनी सर दोराबजी टाटा विश्वस्तनिधीला एक पत्र पाठविले. मूलभूत संशोधनाची संस्था आज काढली, तर उद्या अणुशक्तीचा उपयोग करण्याची वेळ येईल तेव्हा तज्ज्ञांसाठी भारताला परदेशाच्या तोंडाकडे पाहावे लागणार नाही, असा त्या पत्राचा आशय होता. त्या पत्रातून टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी राहिली. तिचे काम जून १९४५ मध्ये सुरू झाले ते येथे, विज्ञान संस्थेच्या आवारात. त्याच वर्षी ती मुंबईला, पेडर रोडवरील 'केनिलवर्थ' बंगल्यात गेली, आणि पुढे कुलाब्याला समुद्रकाठी स्थिरावली.

म्हणजे संस्था येथून तिकडे गेली आणि आपण तिकडून येथे आलो. पुढे हा ओघ उलटाही वाहिला. त्या संस्थेची जीवशास्त्र, गणित आणि सैद्धांतिक विज्ञान यांची केंद्रे आज बेंगळूरूत आहेत. तुमकूर जिल्ह्यातील तिपटूरला जन्मलेले आणि बेंगळूरूच्या शाळेत शिकलेले डॉ. राजा रामण्णा यांनी आपली उमेदीची वर्षे मुंबईत अणुकेंद्राच्या विभाजनाचा अभ्यास करण्यात घालविली आणि नंतर याच शहरात राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्थेची घडी बसविली. या दोन शहरांमधला विज्ञानाचा रस्ता जुना आहे, आणि तो दोन्ही दिशांनी वाहता आहे.

आता अडसराकडे वळू.

प्रत्येक अणूच्या मध्यभागी एक अणुकेंद्र असते. अणू चिन्नस्वामी क्रीडांगणाएवढा मानला, तर त्याचे केंद्र मैदानाच्या मधोमध ठेवलेल्या मिऱ्याच्या दाण्याएवढे भरेल. त्या दाण्यात धनविद्युत्‌भारित प्रोटॉन आणि विद्युत्‌भाररहित न्यूट्रॉन दाटीवाटीने बसलेले असतात. सजातीय विद्युत्‌भार एकमेकांना दूर ढकलतात, आणि अंतर निम्मे झाले की हा रेटा चौपट होतो. चार्ल्स कूलंब या फ्रेंच शास्त्रज्ञाने हा नियम १७८५ साली प्रयोगाने दाखवून दिला. म्हणून दोन अणुकेंद्रे परस्परांजवळ नेऊ लागलो, की विरोध वाढत जातो. परंतु त्यांचे पृष्ठभाग जवळजवळ भिडले, की एक दुसरेच बल जागे होते. हे अणुकेंद्रीय बल फार जोरकस, पण अत्यंत अल्प पल्ल्याचे असते आणि ते दोघांना आत ओढून घेते. दूरवरून सतत चढत जाणारी विद्युत्‌विरोधाची चढण आणि अगदी जवळ आल्यावर लागणारा हा खोल उतार, या दोहोंच्या मध्ये जो माथा तयार होतो, त्याला कूलंबचा अडसर म्हणतात.

आपल्या ओळखीचे उदाहरण द्यायचे, तर घाटाचे देता येईल. बेंगळूरूहून मोटारीने पुण्याला जाणाऱ्यांना साताऱ्यापुढचा खंबाटकी घाट परिचयाचा आहे. माथ्यापर्यंत गाडीला जोर लावावा लागतो. माथा ओलांडला, की ती आपसूक उतरू लागते. ज्या गाडीच्या अंगी माथ्यापर्यंत चढण्याचे बळ नाही, ती मागे घसरणार, हा आपला रोजचा अनुभव. परंतु अणुकेंद्रांच्या जगात पुंजयामिकीचे नियम चालतात, आणि तेथे बळ अपुरे असलेली गाडीही क्वचित पलीकडे पोहोचलेली आढळते. जाॅर्ज गॅमो यांनी १९२८ साली हे प्रथम अणुकेंद्राला लावून दाखविले. या घटनेला बोगद्याची उपमा देण्याचा प्रघात आहे. खंबाटकीला वर्षानुवर्षे आपण पुण्याकडे जाताना बोगद्यातून गेलो आणि परतताना घाट चढून आलो, त्यामुळे ही उपमा आपल्याला सहज पटेल. फरक एवढाच, की येथे बोगदा कोणी खणलेला नसतो. अडसर जेवढा उंच आणि जाड, तेवढी पार होण्याची शक्यता कमी. पण ती शून्य कधीच नसते.

ही केवळ पुस्तकी गोष्ट नव्हे. सूर्याच्या गाभ्यात तपमान सुमारे दीड कोटी अंश आहे. एवढ्या उष्णतेतही तेथील प्रोटॉनांची सरासरी ऊर्जा त्यांच्यामधील अडसराच्या मानाने शेकडो पटींनी कमी पडते. तरीही त्यांचे संमीलन होते आणि सूर्य तळपतो, ते या न खणलेल्या बोगद्यामुळेच.

माझा विषय मात्र प्रोटॉनांचा नसून जड आयनांचा आहे. हेलियमहून जड अशा कोणत्याही अणूचे इलेक्ट्रॉन काढून घेतले, की जड आयन मिळतो. उदाहरणादाखल ऑक्सिजनचे आयन समेरियम या धातूच्या पातळ पापुद्र्यावर सोडू. ऑक्सिजनच्या केंद्रात आठ प्रोटॉन, समेरियमच्या केंद्रात बासष्ट. त्यांच्यामधील अडसराची उंची सुमारे ५९ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट. तो ओलांडण्यासाठी ऑक्सिजनला सेकंदाला सुमारे अठ्ठावीस हजार किलोमीटर एवढा वेग द्यावा लागतो. संमीलन झाले, की सत्तर प्रोटॉनांचे यटर्बियमचे केंद्र बनते. ते अतिशय तापलेले असते आणि क्षणार्धात काही न्यूट्रॉन बाहेर टाकून शांत होते. दोन मूलद्रव्ये नाहीशी होऊन तिसरे अवतरते. प्राचीन किमयागारांना जे साधले नाही, ते येथे रोज साधते. सोने मात्र मिळत नाही.

एवढा वेग द्यावयाचा कसा? कुलाब्याला टाटा संस्थेच्या आवारात एक उंच मनोरा आहे. भाभा अणुसंशोधन केंद्र आणि टाटा संस्था यांचा पेलेट्रॉन हा कणवेगवर्धक त्यात उभा आहे. त्याचे उद्‌घाटन ३० डिसेंबर १९८८ रोजी झाले. पोलादी गोळ्या नायलॉनच्या दुव्यांनी जोडून केलेली एक साखळी त्यात अखंड फिरते आणि विद्युत्‌भार वाहून नेते. रहाटगाडग्याचे पोहरे जसे पाणी उपसतात, तशी ती वीज उपसते. या गोळ्यांवरूनच यंत्राला पेलेट्रॉन हे नाव पडले. मध्यभागच्या अग्रावर १४ दशलक्ष व्होल्टपर्यंत विद्युत्‌दाब साठविता येतो. वरून येणाऱ्या आयनाला आरंभी एक जादा इलेक्ट्रॉन चिकटविलेला असतो, म्हणून धन अग्र त्याला ओढून घेते. तेथे कार्बनचा एक अतितलम पापुद्रा त्याचे इलेक्ट्रॉन सोलून काढतो. आता तो धनविद्युत्‌भारित झाला. तेव्हा तेच अग्र त्याला खाली ढकलून देते. एकाच विद्युत्‌दाबाचा असा दोनदा उपयोग होतो. ऑक्सिजनचे सहा इलेक्ट्रॉन सोलले आणि दाब दहा दशलक्ष व्होल्ट ठेवला, तर आधी दहा आणि मग साठ, मिळून सत्तर दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा हाती येते. आपल्याला लागणाऱ्या अडसराच्या माथ्याहून थोडी वर.

पुढे या यंत्राला अतिसंवाहक रेषीय वेगवर्धकाची जोड मिळाली. तांब्याच्या पोकळ्यांवर शिशाचा मुलामा देऊन त्या द्रवरूप हेलियमने उणे २६९ अंशांपर्यंत थंड ठेवायच्या, असे हे काम आपल्याच शास्त्रज्ञांनी आणि तंत्रज्ञांनी सिद्ध केले आणि २००७ साली ते पुरे झाले. दिल्लीला देशभरातील विद्यापीठांसाठी दुसरा मोठा पेलेट्रॉन १९९१पासून चालू झाला. कोलकात्याच्या सायक्लोट्रॉनमधून १९७७ सालीच किरणशलाका बाहेर पडली होती.

हिशेबाचा अंदाज यावा म्हणून एक ढोबळ आकडा सांगतो. सेकंदाला सहाशे कोटी ऑक्सिजन आयन समेरियमच्या पापुद्र्यावर आदळत आहेत असे समजा. अडसराच्या जवळपास त्यांतून सेकंदाला सुमारे अडीचशे संमीलने होतील. बाकीचे सारे न भेटताच निघून जातात. ऊर्जा कमी करीत अडसराच्या खाली जाऊ लागलो, की ही संख्या कोसळते. अडसर एकच असेल, तर ऊर्जा शेकडा दोन-तीनने घटविली तरी संमीलने दहा पटींनी घटतात. लाखपट घसरण झाली, की सात मिनिटांत एक एवढाच जमा-खर्च उरतो, आणि तेवढ्यातलीही सारी आपल्या उपकरणाला दिसत नाहीत. म्हणूनच पुष्कळ काळ अडसराखालचा हा प्रदेश नापीक जमिनीसारखा मानला जाई. तेथे काही पिकायचे नाही, तर तेथे राबावे कोणी?

ज्यांनी तेथे राबायचे ठरविले, त्यांच्या पदरी आश्चर्य पडले. १९७८ साली स्टॉकस्टॅड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी समेरियमचे चार समस्थानिक घेतले. चारांच्याही केंद्रात प्रोटॉन बासष्टच. न्यूट्रॉन तेवढे कमी-अधिक. अडसर विद्युत्‌भारामुळे होतो आणि भार तर सारखाच. तेव्हा चारांचे वर्तन जवळपास सारखे असावे, अशी अपेक्षा. परंतु अडसराच्या खाली सर्वांत जड समेरियम-१५४ चे संमीलन इतरांहून पुष्कळ अधिक भरले. एका साध्या अडसराच्या हिशेबाशी ताडून पाहता ते दहापट, कोठे शंभरपटीच्या घरात गेले. १९८० साली बेकरमन यांच्या गटाला निकेलच्या समस्थानिकांतही असाच चमत्कार दिसला. मीलनाआधी न्यूट्रॉनांची देवघेव फायद्याची ठरेल अशी जोडी असली, की संमीलन अधिक सुलभ होई. लग्नाआधीच्या देवघेवीचे महत्त्व आपल्याला निराळे सांगायला नको.

याचे मर्म काय? आपण एक चूक करीत होतो. अणुकेंद्राला आपण गोल, कठीण गोटी समजत होतो. समेरियम-१५४ चे केंद्र गोल नाही. ते लांबट आहे, एका अक्षावर ताणलेले, लांबी रुंदीच्या सव्वापटीहून थोडी अधिक. ऑक्सिजन त्याच्या टोकाच्या दिशेने आला, तर अणुकेंद्रीय बलाची पकड दूरवरच बसते आणि अडसर चार-पाच दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टने खाली येतो. कुशीच्या बाजूने आला, तर तो थोडा उंचच लागतो. म्हणजे सह्याद्री सर्वत्र सारख्या उंचीची भिंत नाही. त्यात खिंडी आहेत, आणि खिंडीतून जाणाऱ्याला कळसूबाई चढावी लागत नाही. जी केंद्रे गोल असतात, त्यांतलीही काही कंप पावतात. काही शेजाऱ्याला न्यूट्रॉन देतात-घेतात. या प्रत्येक अंतर्गत हालचालीमुळे एका अडसराचे अनेक अडसर होतात, काही ठेंगणे, काही उंच.

१९९१ साली नील रोली, सॅचलर आणि स्टेल्सन यांनी दाखवून दिले, की मोजमापे पुरेशी काटेकोर असतील, तर संमीलनाच्या आकड्यांवरून हे वेगवेगळे अडसर किती प्रमाणात आहेत, त्याचा आलेखच काढता येतो. गणित साधे, परंतु अट कठीण. शेकडा एकाच्या आसपास अचूकता हवी, आणि ऊर्जा अगदी लहान-लहान पायऱ्यांनी बदलता आली पाहिजे. ऑस्ट्रेलियात कॅनबेरा येथील प्रयोगशाळेने हे काम विशेष नेटाने केले. मुंबईच्या टाटा संस्थेत पीएच.डी. करून १९९२ साली तेथे गेलेल्या डॉ. महानंदा दासगुप्ता या त्या कार्यातील एक अग्रणी. अडसराचा आलेख पाहून समोरचे केंद्र लांबट आहे की गोल, कंप पावते की स्थिर आहे, हे ओळखता येऊ लागले. ज्याला आपण अडथळा म्हणत होतो, तेच आता आत डोकावून पाहण्याचे भिंग झाले.

आता थोडे स्वतःविषयी. मी देशातील एका प्रयोगशाळेत होतो. तिचे नाव येथे महत्त्वाचे नाही. वेगवर्धक आमच्या एकट्याचा नसे. वर्षातून एकदा-दोनदा चार-पाच दिवसांची पाळी मिळे, आणि तेवढ्यात दिवसरात्र मोजणी उरकावी लागे. एका वर्षी आम्हांला अडसराखाली अपेक्षेच्या दुप्पट संमीलन आढळले. मी तरुण होतो. माझ्या आनंदाला पारावार राहिला नाही. निबंधाचा मसुदाही तयार झाला. आमच्या मार्गदर्शकांनी तो वाचला आणि एवढेच विचारले, "किरणशलाकेची ऊर्जा तू स्वतः तपासलीस का?" मी ती तपासलेली नव्हती. मागच्या पाळीचे आकडे विश्वासाने उचलले होते. पुन्हा तपासता अर्ध्या दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टची चूक सापडली. साठात अर्धा, शेकड्याला एकही नव्हे. परंतु मघाशी सांगितलेला हिशेब आठवा. अडसराखाली एवढ्या फरकाने संमीलन दुप्पट दिसते. माझा शोध म्हणजे ती चूक होती. मसुदा फाडला, पुढच्या पाळीसाठी दहा महिने थांबलो आणि नंतर जो निबंध प्रसिद्ध झाला, त्यात नवे असे फारसे काही नव्हते. त्या दहा महिन्यांत माझ्या वर्गातले दोन मित्र या शहरात येऊन चांगल्या पगारावर लागले. मला मत्सर वाटला नाही असे सांगितले, तर ते खोटे ठरेल.

असो. विषयाची पुढची पावले थोडक्यात सांगतो. अडसराच्या खाली संमीलन वाढते हे सर्वमान्य झाले, तोच २००२ साली अमेरिकेतील आर्गॉन येथील शास्त्रज्ञांना निकेल आणि इट्रियम यांच्या प्रयोगात उलटेच दिसले. फार खोल गेल्यावर संमीलन अपेक्षेहूनही वेगाने आटते. जणू दोघे अगदी निकट आल्यावर एकमेकांत मिसळण्यास कचरतात. असे का घडते, याबद्दल एकाहून अधिक उपपत्ती मांडल्या गेल्या आहेत आणि वाद मिटलेला नाही. मुंबईच्या पेलेट्रॉनवर आपल्या शास्त्रज्ञांनी लिथियम-६ आणि प्लॅटिनम-१९८ ही जोडी घेतली. क्ष-किरण आणि गॅमा किरण एकाच वेळी टिपण्याच्या युक्तीने त्यांनी अतिशय क्षीण संमीलनही मोजले आणि २००९ साली दाखविले, की या जोडीत तसा संकोच दिसत नाही. उलट, अडसराच्या वर वेगळाच प्रकार आढळतो. लिथियम किंवा बेरिलियम यांसारखी सैल बांधणीची केंद्रे अडसरापाशी येईतोच फुटतात आणि संपूर्ण संमीलन सुमारे तृतीयांशाने कमी भरते. कॅनबेराला १९९९ साली बेरिलियम आणि शिसे यांच्या बाबतीत हे स्पष्ट झाले. मुंबईच्या लिथियमच्या प्रयोगांतूनही त्याला पुष्टी मिळाली.

आता त्या मुलीचा प्रश्न. याचा उपयोग काय?

प्रथम एक गैरसमज दूर करतो. संमीलन म्हटले, की समुद्राच्या पाण्यापासून वीज, असे आपण वृत्तपत्रांत वाचतो. ते हायड्रोजनच्या जड समस्थानिकांचे संमीलन. मी सांगतो त्या प्रयोगांतून एक दिवाही लागत नाही. उलट वीज खर्च होते.

मग दोन गोष्टी सांगता येतील. पहिली ताऱ्यांची. सूर्याहून पुष्कळ जड ताऱ्यांच्या पोटात, हेलियम संपल्यावर, कार्बनची केंद्रे परस्परांत मिळू लागतात, आणि तीही अडसराच्या बऱ्याच खालच्या ऊर्जेवर. तेथील वेग प्रयोगशाळेत थेट मोजणे जवळपास अशक्य आहे. त्यामुळे वरच्या ऊर्जेवरील मापनांवरून खालचा अंदाज करावा लागतो. खोलवर संमीलन आटते की नाही, यावर तो अंदाज बराच बदलतो, आणि त्याबरोबर तारा किती काळ कसा जळेल याचा हिशेबही. दुसरी गोष्ट नव्या मूलद्रव्यांची. निसर्गात न आढळणारी अतिजड मूलद्रव्ये याच काठावरच्या संमीलनातून घडविली जातात. ऊर्जा कमी पडली, तर भेट होत नाही. अधिक झाली, तर नवजात केंद्र तापून फुटते. जपानच्या रिकेन संस्थेत जस्ताचे आयन बिस्मथवर सोडून ११३ क्रमांकाचे मूलद्रव्य घडविण्याचा प्रयोग झाला. २००४, २००५ आणि २०१२. नऊ-दहा वर्षांच्या खटपटीत एकेक करून तीन अणू हाती लागले. फक्त तीन. २०१६ साली त्या मूलद्रव्याला निहोनियम हे नाव मिळाले.

परंतु खरे सांगायचे, तर माझ्या आयुष्यातील कामाचे समर्थन या दोन गोष्टींवर उभे करणे मला प्रामाणिक वाटत नाही. मी ना तारा सोडविला, ना मूलद्रव्य घडविले. माझा वाटा एका लांबलचक तक्त्यातील काही ओळींचा. पण त्या ओळी बरोबर आहेत. ऊर्जा तपासून, पुन्हा तपासून भरलेल्या आहेत. जगात कोठेही, कोणीही, कधीही त्या पुन्हा मोजून पाहाव्या. १९४४ साली भाभांनी या गावातून जे मागितले, ते शेवटी हेच होते. स्वतः मोजू शकणारी, स्वतःची चूक स्वतः पकडू शकणारी माणसे या देशात असावीत. पेलेट्रॉनची निर्वात व्यवस्था, इलेक्ट्रॉनिकी, शीतयंत्रणा सांभाळताना अशी शेकडो माणसे घडली. ती सगळीच पदार्थविज्ञानात राहिली नाहीत. काही रुग्णालयांतील किरणोपचाराच्या यंत्रांकडे गेली, काही उद्योगांत, काही शिक्षणात. आणि काही, मला ठाऊक आहे, आजही या सभागृहात बसलेली आहेत. उपयोग विचारणाऱ्याला मी या माणसांकडे बोट दाखवीन.

पालकांना मी फसविणार नाही. हा मार्ग लांबचा आहे. पदवी, पदव्युत्तर, मग पाच-सहा वर्षे छात्रवृत्तीवर. नंतर बहुधा परदेशी आणखी काही वर्षे, आणि त्यानंतरही पक्क्या जागेची हमी नाही. बरोबरीची मुले घर घेतात, गाडी घेतात, तेव्हा आपले लेकरू एका पापुद्र्याची जाडी मोजत बसलेले असते. आई-वडिलांच्या काळजीला मी कमी लेखत नाही. माझ्या वडिलांनीही ती केली होती. पण त्या मुलीची ओढ खरी असेल, तर तिच्या वाटेत आणखी एक अडसर आपल्या हातांनी घालू नये, एवढीच विनंती आहे. निदान दोन उन्हाळ्यांच्या सुट्या तिला एखाद्या प्रयोगशाळेत घालवू द्या. तेथील कंटाळा सोसूनही ती परत जाऊ इच्छित असेल, तर समजा की तिला तिची वाट सापडली. नसेल, तरी काही बिघडले नाही.

मूलद्रव्यांचे नियम माणसांना लावू नयेत, हे मी जाणतो. आजवर वर्गात मी तसे कधी केले नाही. तरी पन्नास वर्षांच्या या सोहळ्यात एक विचार मनात येतो, तो बोलून दाखवितो. आपण या गावात आलो तेव्हा भाषेचा, रीतीभातींचा अडसर होताच. कठीण गोटीसारखे राहिलेल्यांना तो उंच लागला. थोडे वाकलेल्यांना, शेजाऱ्याशी थोडी देवघेव केलेल्यांना खिंड सापडली, आणि त्यांचे मराठीपण त्यामुळे उणावले असे मला दिसत नाही. याहून ही तुलना ताणणे योग्य नव्हे, म्हणून येथेच थांबतो.

एक शेवटचे. हे व्याख्यान मराठीत द्यावे, असा आग्रह मी धरला. प्रा. भा. मा. उदगावकरांसारखे टाटा संस्थेतील शास्त्रज्ञ मराठी विज्ञान परिषदेचे अध्यक्षपद भूषवीत आणि विज्ञान मराठीतून सांगता येते हे आपल्या वागण्यातून पटवीत. काही ठिकाणी मी अडखळलो, काही शब्द इंग्रजीच राहिले. पण विषय मराठीतही मावतो, एवढे आज सिद्ध झाले असावे. ती मुलगी मला समोरच्या तिसऱ्या रांगेत दिसते आहे, आणि तिच्या शेजारी तिचे आई-वडीलही बसले आहेत, याचा मला विशेष आनंद वाटतो. चहाच्या वेळी तिने पुढचा प्रश्न विचारावा. या वेळी मी हातात चकली धरणार नाही.